मनी वसे ते?

प्रश्न : मी नाशिकला, सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे. वय २४. दुसरी पाळी करून रात्री बाराला घरी आलो की अडीचपर्यंत मोबाइलवर बंदुकांचा गेम खेळतो. सकाळी आठला उठतो. हल्ली स्वप्नातही तोच गेम. परवा तर मी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या आडोशाला लपलेलो, पुलावरून गोळ्या येतायत आणि गोदावरीला पूर! आई म्हणते, मनी वसे ते स्वप्नी दिसे. माझ्या मनात खरंच एवढी मारामारी आहे का मॅडम?

उत्तर : आईंना नमस्कार सांगा, पण ती म्हण इथे अर्धीच लागू पडते. माझं माहेर पिंपळगाव बसवंतचं. थंडीत द्राक्षांच्या विरळणीला घरचे सगळे लागायचे. दिवसभर कात्रीने घडातले मणी कापायचे आणि रात्री डोळे मिटले की पुन्हा घडच. द्राक्षं माझ्या मनात मुळीच वसत नव्हती, उलट वीट आला होता! हात आणि डोळे तासन्‌तास जे करतात, ते मेंदू झोपेत गिरवत बसतो.

हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २७ जणांना तीन दिवसांत सात तास टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचायचा गेम, खेळायला लावलं होतं. २००० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्याहून जास्त जणांना झोप लागताना ठोकळे पडताना दिसले. यातल्या पाच जणांची नवं काही लक्षात ठेवायची शक्तीच गेलेली होती. आपण गेम खेळलो हेसुद्धा त्यांना आठवेना, तरी तिघांना ठोकळे दिसलेच.

पहाटेच्या स्वप्नात मात्र मेंदू याची जुन्या आठवणींशी मिसळ करतो. मारुतीला पाणी कुठवर लागलं हे बघायला तुम्हीही पावसाळ्यात गेला असालच. पूर तिथून आला. स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, रात्रीच्या उत्तरार्धात लांबत जाते. तुमचा उत्तरार्ध येतो सकाळी, घरात कुकरच्या शिट्ट्या होत असताना. तेवढ्यात जाग आली की स्वप्न जसंच्या तसं हाती लागतं.

मला काळजी आहे ती लेथची. साडेपाच तासांच्या झोपेवर फिरत्या चकसमोर उभं राहू नका. गेम एकला बंद करा. झोपेत ओरडत असाल, लाथा झाडत असाल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.