वाचकांचे प्रश्न : एच-इंडेक्स ४१ बरा की १७?

प्रश्न : मुलीला लेसर स्पेक्ट्रोस्कोपीत पीएच.डी. करायची आहे. दोन मार्गदर्शक तिला घ्यायला तयार आहेत. एकांचा एच-इंडेक्स ४१, संशोधनाची ३४ वर्षे; दुसऱ्यांचा १७, वर्षे १२. घरात सगळ्यांचा कल ४१कडे आहे. योग्य काय?
— एक पालक, नाशिक

उत्तर : आधी एच-इंडेक्स म्हणजे काय ते पाहू. किमान ५ पेपरांना प्रत्येकी किमान ५ सायटेशन्स (इतर पेपरांत त्यांचे दिलेले संदर्भ) असतील, तर तो ५. पेपर सायटेशन्सच्या उतरत्या क्रमाने लावा. समजा यादी ४८, २१, ९, ६, ५, ३ अशी आहे. पाचव्या पेपरला ५ सायटेशन्स आहेत, सहाव्याला ३च. म्हणून एच-इंडेक्स ५. पहिल्या पेपरची ४८ऐवजी ४,८०० धरली तरी तो ५च. शिवाय हा आकडा वर्षांबरोबर वाढतो, माणसाने काम थांबवले तरी घटत नाही. म्हणूनच २००५मध्ये तो मांडताना जॉर्ज हिर्श यांनी पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी भागूनही पाहिले होते. इथे ४१ भागिले ३४ म्हणजे १.२ आणि १७ भागिले १२ म्हणजे १.४. कल बदलायला एवढे पुरे, निर्णयाला नाही.

आता गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या संशोधन-लेख शोधण्याच्या साइटवर, दोघांचे सर्वाधिक सायटेशन्सचे दहा पेपर बघा. वायूंवर काम करणाऱ्याच्या यादीत हिट्रान दिसले तर जरा थांबा. वातावरणातल्या रेणूंच्या वर्णरेषांचा, म्हणजे ते नेमका कोणत्या वारंवारतेचा प्रकाश शोषतात याचा, हा माहितीसंच. साधारण चार वर्षांनी नवी आवृत्ती निघते आणि तिच्या पेपरवर डझनांनी नावे असतात. मिथेन किंवा कार्बन डायऑक्साइड लेसरने मोजणारा जवळजवळ प्रत्येक जण तो पेपर संदर्भात देतो. त्यात नाव असणे मानाचे, पण ती हजारो सायटेशन्स एकट्याची नव्हेत. ती वगळून एच-इंडेक्स फारतर एकाने घसरेल, एकूण बेरीज मात्र कोसळू शकते.

मग यादी वर्षानुसार लावा. गेल्या पाच वर्षांत पहिले नाव विद्यार्थ्याचे आणि शेवटचे मार्गदर्शकाचे, असे किती पेपर आहेत? त्या विद्यार्थ्यांची नावे शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, टाका. प्रबंध जमा झाला का, किती वर्षांनी, त्याआधी पेपर आला होता का, हे बहुतेक वेळा कळते. (सगळ्या संस्थांचे प्रबंध तिथे नसतात, नसतील तर संस्थेचे ग्रंथालय.) आमच्या मते मुलीच्या दृष्टीने ही तपासणी एच-इंडेक्सपेक्षा कितीतरी मोलाची.

शेवटी प्रत्येकाचा एक पेपर तिला स्वतः वाचू द्या. लिब्सचा असेल, म्हणजे लेसरच्या झोताने नमुन्याचा प्लाझ्मा करून मूलद्रव्ये ओळखण्याचा, तर शोधमर्यादा, म्हणजे ओळखता येणारे किमान प्रमाण, कशी काढली ते बघावे. नेहमीचे सूत्र : कोऱ्या नमुन्यातील गोंगाटाच्या प्रमाण विचलनाची तिप्पट भागिले कॅलिब्रेशन रेषेचा (प्रमाणानुसार संकेत किती वाढतो त्या आलेखाचा) उतार. प्रमाणित (माहीत असलेल्या प्रमाणाचे) नमुने ५०० पीपीएमपासून (दशलक्षात ५०० भाग) सुरू आणि दावा ५ पीपीएमचा, तर मधला भाग कोणी मोजलेलाच नाही. पेपर डायोड लेसरने वायूचे शोषण मोजण्याचा असेल, तर वायूच्या पेटीच्या समांतर काचांमधून परावर्तन होऊन व्यतिकरणाच्या लाटा उठतात आणि त्या क्षीण शोषणरेषेसारख्या दिसतात. काचा पाचरीसारख्या तिरप्या बसवल्याचा उल्लेख आणि मापन व त्याला बसवलेली गणिती रेषा (फिट) यांतल्या फरकाचा आलेख पेपरात असेल, तर त्या प्रयोगशाळेत नीट शिकवले जाते असे समजा.

प्रश्न : एकाच शास्त्रज्ञाची सायटेशन्स गूगल स्कॉलरवर जास्त, स्कोपसवर कमी. खरा आकडा कोणता?

उत्तर : दोन्ही. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (नियतकालिकात येण्याआधीचे मसुदे), परिषदांतले लेखही मोजतो; स्कोपस हा सायटेशन्सचा माहितीसंच निवडक नियतकालिके, परिषदा आणि पुस्तके. मात्र स्कॉलरवर नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे पेपर प्रोफाइलमध्ये शिरतात, आपल्याकडच्या आडनावांत तर सर्रास. ऑर्किड (ORCID) या संशोधकाच्या स्वतंत्र ओळखक्रमांकाशी ताडून पाहा. स्वतःच स्वतःचे दिलेले संदर्भ स्कोपसवर वगळता येतात. तुलना करताना दोघांसाठी एकच स्रोत वापरा.

प्रश्न : नोबेलच्या तोडीच्या कामाचा प्रभाव सायटेशन्समध्ये दिसतोच ना?

उत्तर : दिसतो, पण अर्धवट. लेसर भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर हेंश यांचेच बघा. १९७२मध्ये त्यांनी डाय लेसरच्या (रंगद्रव्याच्या द्रावणावर चालणाऱ्या लेसरच्या) आत दुर्बीण बसवली. झोत रुंद झाल्याने ग्रेटिंगच्या, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या रेघांच्या पट्टीच्या, जास्त रेघा कामी आल्या आणि लेसरची वर्णरेषा अरुंद झाली, म्हणजे रंग अधिक शुद्ध झाला. आज ट्यूनेबल (वारंवारता बदलता येणारा) लेसर तयार विकत मिळतो आणि पेपरात कंपनीचे मॉडेल लिहितात, हेंश यांचा लेख नाही. १९७५मध्ये आर्थर शॉलो यांच्यासोबत त्यांनी दोनच पानांत सुचवले की अनुनादापेक्षा (अणू जी वारंवारता शोषतो तिच्यापेक्षा) किंचित कमी वारंवारतेचा लेसर सर्व बाजूंनी टाकला तर अणूंचा वेग कमी होईल, वायू थंड होईल. बेल लॅब्जमध्ये सोडियमवर ते प्रत्यक्षात आले १९८५मध्ये. म्हणजे सुरुवातीच्या दहा वर्षांची सायटेशन्स पाहून ठरवले असते, तर ही सूचना कागदावरचीच वाटली असती. अणू थंड करण्याचे नोबेल १९९७मध्ये चू, कोहेन-तानूजी आणि फिलिप्स यांना गेले. हेंश यांना नोबेल २००५मध्ये मिळाले, जॉन हॉल यांच्यासह, अचूक लेसर स्पेक्ट्रोस्कोपी आणि फ्रीक्वेन्सी कॉम्बसाठी (प्रकाशाची वारंवारता मोजणारी, समान अंतरावरच्या वर्णरेषांची ‘फणी’). त्या वर्षीचे अर्धे पारितोषिक रॉय ग्लाउबर यांचे होते.