वाड्यातल्या भिंतीचित्रावर लेझर फिरवला तर रंग जळेल का?

तुमचा प्रश्न असा: शिवाजी पेठेतल्या वाड्यात देवघराच्या भिंतीवर जुना रंगवलेला गणपती आहे, रंगाचे पोपडे सुटायला लागलेत आणि कुणीतरी लेझरने तपासून घ्या म्हणालंय. त्याने रंग जळेल का, आणि खर्च करावा का?

तपासणीच्या लेझरने जळणार नाही. गंज उडवणाऱ्या लेझरचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, तो वेगळा. त्याचा एकेक झोत इतका जोरकस असतो की वरचा थर उडून जातो, आणि हिंगुळाचा लाल किंवा सफेत्याचा पांढरा रंग त्याच्या तावडीत सापडला तर काळवंडतो. तसलं यंत्र घेऊन कुणी आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. तपासणीचा किरण मंद असतो. मोजतो आणि पुढे सरकतो.

मी कोल्हापुरातच जुन्या चित्रांच्या जतनाचं काम करतो. माझा अनुभव सांगतो, भिंतीवरचं चित्र बहुतेक वेळा गिलाव्यापायी जातं. पावसाळाभर आपल्या भिंती पाणी पितात. पुढे ऊन तापलं की ते पाणी क्षार घेऊन बाहेर येतं, क्षारांचे खडे रंगाखाली फुगतात आणि पोपडा सुटतो. आत गिलावाही भिंत सोडत असतो, पण ते वरून दिसत नाही. आम्ही बोटाच्या पेराने हलकं वाजवून बघतो. धरलेला गिलावा भरीव वाजतो, सुटलेला बद्द. पण रंग इतका नाजूक झालेला असतो की कधीकधी तेवढं वाजवायचीही भीती वाटते.

लेझर व्हायब्रोमीटर हेच काम हात न लावता करतो. समोर स्पीकर ठेवून आवाज सोडतात. गिलावा जिथे सुटलाय तिथे तो जास्त थरथरतो. डोळ्याला ती थरथर दिसणं शक्यच नाही, पण परत आलेल्या किरणाच्या वारंवारितेत फरक पडतो आणि त्यावरून पोकळ जागांचा नकाशा तयार होतो. मग चुन्याचं पातळ मिश्रण सुईने नेमकं तिथेच भरता येतं. इटलीत भित्तिचित्रांसाठी ही पद्धत वापरली गेली आहे. मला विचाराल तर लेझरचा सगळ्यात मोठा उपकार हाच.

दुसरा प्रकार त्रिमितीय स्कॅनिंगचा. २००४ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या पथकाने पॅरिसमध्ये मोनालिसा रंगीत लेझरने स्कॅन केली. दर ०.०६ मिलिमीटरला एक बिंदू, आणि खोली ०.०१ मिलिमीटरपर्यंत. चित्राखालची पॉप्लरची फळी सुमारे १२ मिलिमीटर बाक धरून आहे हे त्यात आकड्यांत मिळालं. पुढे पुन्हा स्कॅन केलं की फळी किती हलली ते कळतं. आपल्या टाउन हॉलच्या संग्रहालयातल्या आबालाल रहिमान यांच्या चित्रांची अशी बारीक नोंद व्हावी, असं मला फार मनापासून वाटतं.

तिसरा प्रकार अतिनील लेझरचा. त्याखाली तेल, लाख, ॲक्रिलिक आपापल्या परीने चमकतात, त्यामुळे मूळ काम कुठलं आणि नंतरचा हात कुठला ते उमगतं. अजिंठ्यात १९२० ते २२ या काळात चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी चित्रं वाचवायला लाखेचा लेप दिला. लेप पिवळा पडला आणि पुढे पुरातत्त्व खात्याला तो काढत बसावं लागलं. चित्रावर आधी काय चढवलंय हे कळल्याशिवाय काही काढू नये आणि काही लावूही नये, ते यासाठी.

आता खर्चाचं. एका भिंतीसाठी लगेच यंत्र बोलावू नका. आधी कौलं आणि पन्हाळी बघा, पाणी कुठून येतंय ते शोधा. खोलीत अंधार करून बॅटरी भिंतीला लागून, आडवी धरा. उठलेला प्रत्येक पोपडा सावली टाकतो. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. पावसाआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, त्याच जागेवरून. दोन फोटोंत फरक दिसला तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या जतन केंद्राला किंवा लखनौच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेला फोटो दाखवून सल्ला घ्या. मोठा भाग पोकळ असल्याची शंका त्यांनाही आली, तर लेझरवर पैसे घालणं योग्य.

तोवर त्या भिंतीला सिमेंट लावू देऊ नका, ओल आतच कोंडते. आणि लग्नकार्य निघालं म्हणून गणपतीवर ऑइल पेंटचा हात तर अजिबात मारू देऊ नका.