लक्झरी घड्याळांच्या दुकानातली नोकरी: नाशिकमधून एक उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे: बीकॉम झालंय, नाशिकमधल्या एका महागड्या घड्याळांच्या शोरूममधून नोकरीसाठी बोलावणं आलंय, लक्झरी ब्रँडच्या दुकानात काम करणं नेमकं कसं असतं? आणि घरचे म्हणतात, 'शेवटी सेल्सगर्लच ना.'

मी कॉलेज रोडवरच्या अशाच एका शोरूममध्ये बरीच वर्षं काम करते. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. आमच्याकडे स्विस घड्याळं असतात, तीस-चाळीस हजारांपासून काही लाखांपर्यंत.

आधी सरळ उत्तर देते. नोकरी चांगली आहे, घ्या. फक्त रुजू होताना एक गोष्ट मागून घ्या: पहिले काही महिने मला सर्व्हिसच्या काउंटरवर बसवा. नवीन मुलं याच्या बरोबर उलटं मागतात, कारण इन्सेंटिव्ह विक्रीवर मिळतो आणि सर्व्हिसला येणारा माणूस बहुधा चिडलेला असतो. पण हे काम शिकायचं तर त्या चिडलेल्या माणसासमोरच शिकता येतं.

अंबडचे एक कारखानदार आले होते. काउंटरवर घड्याळ ठेवलं आणि म्हणाले, "एवढे पैसे मोजले आणि हे रोज दहा मिनिटं पुढे पळतंय. हजार रुपयाचं घड्याळ याच्यापेक्षा बरं." अशा वेळी वाद घालायचा नाही आणि उगाच 'सॉरी सर' म्हणत बसायचंही नाही. मी विचारलं, रात्री घड्याळ कुठे काढून ठेवता? म्हणाले, पलंगाशेजारी स्पीकर आहे, त्याच्यावर. मी ड्रॉवरमधलं साधं होकायंत्र काढलं आणि घड्याळ त्याच्याजवळ नेलं. सुई गर्रकन वळली. ते खुर्चीत पुढे सरकले.

मग त्यांना समजावलं. सेल नसलेल्या घड्याळात केसासारखी बारीक स्प्रिंग असते, ती आकसते-उलगडते आणि तिच्या तालावर घड्याळ चालतं. स्प्रिंगमध्ये चुंबकत्व शिरलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. स्प्रिंग जणू आखूड होते आणि ताल वाढतो, म्हणून घड्याळ पुढे पळतं. स्पीकर, टॅबलेटच्या कव्हरची झडप, पर्सचं चुंबकाचं बटण, यातलं काहीही त्याला पुरतं. चुंबकत्व काढायचं छोटं यंत्र आमच्याकडे असतं. घड्याळ त्यावर धरायचं, बटण दाबायचं आणि सावकाश वर उचलत लांब न्यायचं. आधी आणि नंतर घड्याळाची चाल मोजणाऱ्या टायमिंग मशीनवर लावून दाखवलं. आधी पडद्यावरची रेघ तिरकी चढत होती, नंतर जवळजवळ आडवी झाली. त्यांनी स्वतः वाकून पाहिलं. राग कुठल्या कुठे गेला. नंतर मुलीच्या पदवीच्या वेळी घड्याळ घ्यायला ते आमच्याकडेच आले आणि दारातून आत येताच माझी चौकशी केली.

त्या काउंटरवर बसल्यावर कळतं, की बहुतेक तक्रारी विकताना न सांगितलेल्या गोष्टींतून येतात. ऑटोमॅटिक, म्हणजे सेलशिवाय हाताच्या हालचालीवर चालणाऱ्या, घड्याळाच्या किमतीचा आणि वेळेच्या अचूकतेचा लोक समजतात तसा संबंध नाही. साध्या क्वार्ट्‌झ, म्हणजे सेलवरच्या, घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. चांगल्या ऑटोमॅटिकमध्ये हा आकडा बहुधा सेकंदाला आठ ठोक्यांचा असतो. स्वित्झर्लंडच्या सीओएससी या संस्थेचं क्रोनोमीटर हे अचूकतेचं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या मशीनलाही दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा असते. त्यातही हे प्रमाणपत्र सगळ्या स्विस घड्याळांना नसतं. हे पैसे घेण्याआधी सांगायचं. मी सांगते, आणि ते ऐकून कोणी उठून गेलं असं क्वचितच झालंय. उलट माणूस जास्त रस घेऊन बघायला लागतो, की एवढंसं यंत्र सेलशिवाय चालतं तरी कसं.

पाण्याचंही तसंच. डायलवर ३० मीटर लिहिलेलं असतं आणि लोक ते घालून रिसॉर्टच्या तरणतलावात उतरतात. ३० मीटर म्हणजे हात धुताना उडणारं पाणी, पावसाची सर, इतपतच. पोहायचं असेल तर १०० मीटर लिहिलेलं घ्या आणि बाजूची चावी नीट आत दाबलेली आहे ना ते बघा, हे मी प्रत्येकाला सांगते. काच सफायरची असते, कडकपणात हिऱ्याच्या खालोखाल, त्यामुळे किल्ल्या-नाण्यांनी तिच्यावर ओरखडा उठत नाही. पण फरशीवर आपटली तर ती फुटू शकते. 'ओरखडा येत नाही' एवढंच सांगून विकलेलं घड्याळ वर्षभरात भांडण घेऊन परत येतं.

आता गिऱ्हाईक. मुंबईत जिओ वर्ल्ड प्लाझासारखा मॉल आहे, तिथे मोठमोठ्या फॅशन घराण्यांची स्वतःची दुकानं आहेत. नाशिकमध्ये लक्झरी म्हणजे मुख्यतः घड्याळं, गाड्या, दागिने, चष्मे. आणि इथला पैसा कपड्यांवरून ओळखू येत नाही. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतकडचे द्राक्ष बागायतदार, लासलगावचे कांदा व्यापारी, सातपूर-अंबडचे कारखानदार, गंगापूर रोडचे डॉक्टर, बिल्डर हे आमचे लोक. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचा हंगाम, त्यामागोमाग लग्नसराई. अवकाळी झाली की आमच्या दुकानातही ते जाणवतं. बाहेरून आलेल्या मॅनेजरला हे समजायला एक हंगाम जावा लागतो. तुम्ही नाशिकच्या असाल तर ही तुमची जमेची बाजू, मुलाखतीत ती सांगायला संकोच करू नका.

पिंपळगावकडचे एक काका-काकू जावयाला घड्याळ घ्यायला आले होते. काकांच्या पायात चपला, त्यांना बागेतली लाल माती लागलेली. आल्या आल्या म्हणाले, "ताई, जरा भारीतलं दाखवा." मी ट्रेवर मखमल अंथरून दोन घड्याळं ठेवली. त्यांनी डायलकडे बघितलंच नाही, आधी घड्याळ पालथं केलं. मागे काच होती, आतला अर्धगोल रोटर हात हलवला की फिरत होता. "ह्यात सेल नाही? मग हातातून काढून ठेवलं तर किती वेळ चालंल?" मी म्हटलं, साधारण दीड दिवस, काहींत तीन दिवसांपेक्षा जास्त. "म्हणजे जावईबापूंनी रोज घातलं पाहिजे." आणि मग रोटर कुठल्या दिशेला चावी देतो, तेल किती वर्षांनी बदलायचं, ते नाशकात होतं की मुंबईला पाठवावं लागतं, असे एकामागून एक प्रश्न. पंप, ट्रॅक्टर, फवारणीचं मशीन स्वतः उघडून बसवणाऱ्या माणसाचे प्रश्न होते ते. सुटाबुटातल्या गिऱ्हाइकांपैकी फार थोडे इतकं विचारतात.

काकू शेजारी गप्प बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मी वेगळा ट्रे ठेवला, लहान डायलचं एक घड्याळ त्यावर. "मला कुठं घालायचंय," म्हणाल्या, पण हात पुढे केला. मनगटात हिरव्या बांगड्या होत्या. त्या जरा वर सारून पट्टा बसवला. मग स्वतःच विचारलं, "एका हातानं ह्याचं बकल कसं लावत्यात?" दोनदा लावून-काढून बघितलं आणि खूश झाल्या. त्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी काही घेतलं नाही. तरी त्यांच्यासमोर ट्रे ठेवणं हा माझ्या कामाचाच भाग आहे असं मी मानते. दुकानात जोडपं आलं की सगळा स्टाफ पाकीट असलेल्याकडे बघतो, आणि ही सवय मला मनापासून नावडते.

भावाची घासाघीस होतेच. "शेवटचं किती?" हा प्रश्न लाखाच्या घड्याळालाही येतो. सूट किती द्यायची हे बऱ्याच ब्रँडचं ठरलेलं असतं, आपल्या हातात फार थोडं असतं, ते स्पष्ट सांगावं. "दुबईत स्वस्त मिळतं" हे दुसरं नेहमीचं. तिथे कर कमी आहे हे खरंच आहे. पण परत येताना सवलतीच्या मर्यादेपलीकडच्या मालावर ड्युटी भरावी लागते, आणि स्वित्झर्लंडसह चार देशांशी भारताने केलेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाल्यामुळे स्विस घड्याळांवरची आयात ड्युटी आता टप्प्याटप्प्याने उतरते आहे. ही माहिती अद्ययावत ठेवा. तुमच्यापेक्षा गिऱ्हाइकाला जास्त माहीत असेल तर ते दुसऱ्या दुकानात जातात.

रोखीचा विषय इथे नाजूक असतो. व्यापाऱ्याकडून नोटा मिळालेला शेतकरी नोटा घेऊनच येतो. २०१७ पासून दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, एकाच खरेदीची दोन बिलं फाडूनही नाही. दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतो. १० लाखांवरच्या मनगटी घड्याळाला एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएसही (विकताना दुकानाने गिऱ्हाइकाकडून गोळा करायचा कर) लागू झाला, तो पुढे आयकरात वळता होतो. हे सांगताना आवाजात संशय नको. मी म्हणते, "काका, नियम माझ्यासाठीही आहे आणि तुमच्यासाठीही, चेक किंवा आरटीजीएस केलंत तर घड्याळाचा विमा काढतानाही सोपं जाईल." बहुतेक जण ऐकतात.

रोजचं काम थोडक्यात. सकाळी तिजोरीतून माल काढायचा, नंबर जुळवत मोजायचा, शोकेसमध्ये लावायचा. रात्री तेच उलट. मोजणी जुळेपर्यंत कोणी घरी जात नाही. एका वेळी ट्रेवर दोनच घड्याळं, तिसरं दाखवायचं तर एक आत, हा नियम ओळखीच्या माणसासाठीही मोडायचा नाही. पट्ट्याच्या कड्या काढायला शिका. आतल्या बाजूला बाण कोरलेला असतो, पिन त्याच दिशेने ढकलायची. काढलेल्या कड्या पिशवीत घालून गिऱ्हाइकाला द्यायच्या, कारण वजन वाढलं की त्या लागतात. बॉक्सपेक्षा वॉरंटी कार्डावरचा नंबर घड्याळाशी जुळतो का, हे आधी पाहायचं.

पाय दुखतात. पूर्ण दिवस उभं राहायचं असतं. दसरा, धनत्रयोदशी, अक्षय्य तृतीया, गुढीपाडवा या दिवशी सुट्टी विसरा. घरात पूजा असते आणि आपण दुकानात असतो, याची खंत मला दर दिवाळीत वाटते, ती कमी झालेली नाही. टार्गेट महिन्याचं असतं आणि आषाढात दुकान ओस पडलं तरी ते फारसं खाली येत नाही. मूळ पगार साध्या कपड्यांच्या दुकानापेक्षा बरा, पण हातात येणारी रक्कम इन्सेंटिव्हवर हलते, म्हणून घराचा हप्ता ठरवताना मूळ पगारच धरा.

आपल्या वर्षभराच्या पगाराइतकं घड्याळ रोज हातात धरायचं, याचं दडपण येतं का, असं मला मैत्रिणी विचारतात. सुरुवातीला येतं. नंतर तो माल होतो, जपून हाताळायचा माल. त्रास होतो तो 'ए, हे काढ' असं म्हणणाऱ्या माणसाचा. तशी माणसं येतात, पण तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा कमी.

तुमच्या घरच्यांचं सांगते. त्यांना एक दिवस दुकानात घेऊन या, काही घ्यायची गरज नाही. सफायर, ड्युटी, टीसीएस, चुंबकत्व हे सगळं एका माणसाशी मराठीत, दुसऱ्याशी हिंदीत, तिसऱ्याशी इंग्रजीत बोलणारी मुलगी त्यांनी डोळ्यांनी बघावी. माझे वडील असेच एकदा आले, कोपऱ्यातल्या खुर्चीवर तासभर बसले आणि जाताना मॅनेजरना नमस्कार करून गेले. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.

ऑफर लेटरवर सही करण्याआधी एवढं विचारून घ्या. इन्सेंटिव्ह वैयक्तिक विक्रीवर की पूर्ण दुकानाच्या? मोजणीत माल कमी निघाला तर जबाबदारी कशी ठरते, आणि ते लेखी आहे का? ब्रँडचं ट्रेनिंग कोण देतं, मुंबईला जायचं झालं तर खर्च कोणाचा? रात्री दुकान बंद झाल्यावर मुलींना घरी सोडायची सोय आहे का? शेवटच्या प्रश्नाला 'बघू' असं उत्तर मिळालं तर तिथेच थांबा, कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर दुसरी दुकानं आहेत.