रायडर कपच्या पैशाबद्दल एका बियाणेवाल्याचं उत्तर

प्रश्न असा आहे: 'रायडर कपमध्ये गोल्फर फुकट खेळतात, मानासाठी खेळतात, असं ऐकलं होतं. आता अमेरिकेच्या खेळाडूंना पैसे दिले म्हणे. मग या स्पर्धेत आणि बाकीच्या बाजारात फरक काय राहिला?'

रायडर कप म्हणजे गोल्फमधली अमेरिका विरुद्ध युरोप (सुरुवातीला नुसतं ब्रिटन) अशी दर दोन वर्षांनी होणारी संघांची लढत. मी गोल्फ खेळत नाही, नुसतं बघतो. सांगलीत माझं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे, आणि गावाकडच्या यात्रेतल्या कुस्ती मैदानाची हिशेबाची वही बारा वर्षं माझ्याकडं होती. या दोन्ही गोष्टी तुमच्या प्रश्नात येतात, म्हणून लिहितोय.

ज्याच्या नावानं हा कप आहे तो सॅम्युएल रायडर आमच्याच धंद्यातला. इंग्लंडात सेंट ऑल्बन्सला बसून एक पेनीला एक पाकीट, असं बियाणं पोस्टानं विकायचा. बड्या बागायतदारांच्या मागं न लागता परसात चार वाफे असलेल्या कामगाराला त्यानं गिऱ्हाईक केलं. (आमच्याकडं कंपन्या उलटं करतात. टार्गेट गाठणाऱ्या दुकानदाराला परदेशाची टूर आणि एक पाकीट मागणाऱ्या म्हातारीला 'किरकोळ नाही'. असो.) पन्नाशीत तब्येतीसाठी गोल्फ धरलं आणि मग त्याला नादच लागला. एब मिचेल नावाच्या व्यावसायिक खेळाडूला त्यानं शिकवणीसाठी पगारावर ठेवलं. कपाच्या टोकावर जी छोटी मूर्ती दिसते ती या मिचेलचीच.

आता मुद्द्याचं. १९२६ साली ब्रिटन आणि अमेरिकेच्या खेळाडूंची वेंटवर्थला लढत झाली, तेव्हा रायडरनं जिंकणाऱ्या संघातल्या प्रत्येकाला पाच पौंड आणि वर शॅम्पेन-चिकन सँडविचची पार्टी जाहीर केली होती. म्हणजे आपल्या भाषेत रोख इनाम आणि जेवण. पुढच्या वर्षी अमेरिकेत वूस्टरला पहिला अधिकृत सामना झाला. ब्रिटिश संघाला बोटीनं पाठवायला ३००० पौंडांची वर्गणी काढली, ती कमी पडली आणि उरलेली भर रायडरनंच घातली. हे वाचलं की मला गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवतात. १९५२ ला त्यांना हेलसिंकीला पाठवायलाही वर्गणीच गोळा करावी लागली होती. महायुद्धानंतर ब्रिटनकडं प्रवासाला पैसे उरले नाहीत, तेव्हा १९४७ ला ओरेगॉनमधल्या रॉबर्ट हडसन नावाच्या माणसानं सगळा खर्च उचलला. त्याचा धंदा फळं डबाबंद करायचा. (पोर्टलंडला नेऊन पाहुण्यांना ११-१ असं हरवलं, तो भाग वेगळा.) बायकांचा सोल्हाइम कप १९९० पासूनचा, तोही गोल्फच्या काठ्या बनवणाऱ्या पिंग कंपनीच्या मालकाच्या नावानं. तेव्हा व्यापाऱ्याचा पैसा यात पहिल्या दिवसापासून आहे. नंतर घुसला, असं नाही.

मग खेळाडूंना पैसे नकोत हे कुठून आलं? खरं म्हणजे भांडण पैशाचं कमी आणि घराचं जास्त आहे. अमेरिकेत रायडर कप पीजीए ऑफ अमेरिकाचा. ही क्लबात शिकवणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या व्यावसायिकांची संघटना. टीव्हीवर दिसणारे बडे खेळाडू १९६८ मध्येच तिच्यातून वेगळे झाले, त्यांची पीजीए टूर, म्हणजे वर्षभर स्पर्धा भरवणारी संघटना, निराळी. म्हणजे अमेरिकेच्या संघातले हे बारा जण दर दोन वर्षांनी दुसऱ्याच्या रानात राबायला जातात आणि माल मालकाच्या गाडीत जातो. युरोपात मात्र कपाचा मोठा हिस्सा त्यांच्या टूरचाच. घरच्या मैदानावर कप झाला की त्या वर्षी टूरचं गाडं रुळावर येतं. घरच्या रानात पोरगा मजुरी मागत नाही. गडी मागतो, आणि मागायलाच पाहिजे. युरोपवाले त्यागी आणि अमेरिकन लोभी, असं जे रंगवतात ते मला पटत नाही ते यामुळं.

अमेरिकेतली कुरबुर १९९९ च्या ब्रुकलाइन सामन्याआधी उघड झाली. टायगर वुड्स, डेव्हिड ड्युव्हल, फिल मिकेलसन यांनी विचारलं की एवढा पैसा येतो तो जातो कुठं. त्यावर तोडगा निघाला तो प्रत्येकाच्या नावानं दोन लाख डॉलर, पण दानधर्मासाठी. पुढं २०२३ ला रोममध्ये बातमी आली की अमेरिकेचा पॅट्रिक कँटले टोपी घालत नाही तो पैशाच्या निषेधासाठी. तो म्हणाला, टोपी डोक्यावर बसत नाही. लोकांना तेवढं पुरलं. हजारो माणसं आपापल्या टोप्या काढून त्याच्याकडं बघून हलवायला लागली. २०२५ ला न्यूयॉर्कजवळच्या बेथपेज मैदानावरच्या सामन्यासाठी रक्कम पाच लाख केली. तीन लाख दानाला, दोन लाख हातात. काहींनी सगळंच दान करू म्हणून सांगितलं. युरोपच्या कप्तानानं, ल्यूक डोनाल्डनं, आपल्या पोरांना विचारलं आणि त्यांनी नको म्हटलं.

आमच्या मैदानात हे कोडं पडतच नाही. जोड लागायच्या आधी माईकवरून पुकारा होतो, 'पंधरा हजाराची कुस्ती, इनाम अमुक यांच्याकडून!' हलगी वाजते, आणि हरला-जिंकला तरी किती रुपयांसाठी लढला ते कडेला बसलेल्या पोरालाही माहीत असतं. त्यानं मान कमी झालेला मी कधी पाहिला नाही. एकदा गावातलाच पैलवान शेवटची कुस्ती जिंकला आणि इनाम कमिटीला परत दिलं. ते आम्ही वहीत त्याच्या नावानं देणगी लिहिलं आणि माईकवरून पुकारलं. घेतलं ते उघड, दिलं ते उघड. अमेरिकेनं पंचवीस वर्षं दान-दान करत जे झाकून ठेवलं तेच नडलं, असं माझं मत.

आणि पैशाशिवाय माणूस जीव तोडून खेळत नाही म्हणणाऱ्यांनी आपला गोल्फर अनिर्बान लाहिरी आठवावा. रायडर कपात आपल्याला जागा नाही, पण प्रेसिडेंट्स कपात अमेरिकेविरुद्ध युरोप सोडून बाकीचं जग असतं. लाहिरी खेळला तेव्हा तिथंही बक्षिसाची रक्कम नव्हती, पैसा दानाला जायचा. २०१५ ला कोरियात इंचनला शेवटच्या दिवशी, शेवटच्या होलवर, लाहिरीचा अगदी जवळचा पट (चेंडू खळग्यात ढकलायचा हलका फटका) हुकला. अमेरिका १५½-१४½ नं जिंकली. फरक एका गुणाचा! त्याचा चेहरा ज्यानं पाहिला त्याला मानधनाचा प्रश्न सुचणार नाही.

बाजार म्हणून तुम्ही ज्याला नावं ठेवताय तो मला दुसरीकडं दिसतो. बेथपेज हे सरकारी, कुणालाही खेळता येईल असं मैदान. तिथं कपाच्या दिवसाचं तिकीट ७५० डॉलर ठेवलं, म्हणजे साठ-पासष्ट हजार रुपये. खाणं त्यात धरलेलं होतं, पण एवढ्यात आमच्या गावचं मैदान कुस्त्यांसकट निघतं. आणि एवढं मोजून आलेल्या काही लोकांनी युरोपच्या रोरी मॅकिलरॉयला आणि त्याच्या बायकोला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. शेवटच्या रात्री आमच्या घरी टीव्हीवर आशिया कपची भारत-पाकिस्तान फायनल होती, म्हणून गोल्फ मी मोबाइलवर बघितलं. युरोपनं ११½-४½ अशी आघाडी घेऊन शेवटी १५-१३ असं जिंकलं, पण मला आठवतंय ते ओरडणंच.

हा अनुभव आम्हालाही आला आहे. एका वर्षी कमिटीनं हौद्याच्या कडेला पुढच्या खुर्च्यांना पैसे लावले. त्याआधी तिथं जुने वस्ताद आणि शेजारच्या गावची म्हातारी माणसं मांडी घालून बसायची. डाव बसला की 'वाहवा' कुणाच्या पैलवानाला आहे हे न बघता द्यायची. खुर्चीवाले आले ते निकाली कुस्तीच पाहिजे म्हणून. बरोबरीत सोडवली की शिट्ट्या आणि बाटल्या. वहीत त्या साली शिल्लक चांगली पडली, माझ्याच हस्ताक्षरात आहे. पुढच्या वर्षी खुर्च्या मागं नेल्या, तर दोन देणगीदार रुसले ते अजून आलेले नाहीत.

२०२७ ला रायडर कपाला शंभर वर्षं होतात आणि सामना आयर्लंडात अडेर मॅनरला आहे. खेळाडूंना किती दिले ते मी वाचीनच, पण आधी पुढच्या रांगेचा दर बघणार आहे.