भाऊ नसलेल्या घरातली भाऊबीज

प्रिय सई,

शनिवारच्या मराठी शाळेत भाऊबीजेवर दहा ओळी लिहायला सांगितल्या, तेव्हा गाडीत तू मला एकामागून एक प्रश्न विचारलेस. "मला तर ताराच आहे, मी काय लिहू? तुम्ही पण तिघी बहिणीच होतात, मग तुमच्याकडे भाऊबीज व्हायचीच नाही का? आणि आजीला वाईट वाटायचं का?" मी एवढंच म्हटलं की व्हायची, आम्ही चंद्राला ओवाळायचो. त्यावर तू "चंद्राला? का?" म्हणालीस आणि तेवढ्यात शाळा आली. आता सावकाश लिहिते. दहा ओळींत हे बसणार नाही, काय घ्यायचं ते तू ठरव.

आधी चंद्राचं. भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. तिला यमद्वितीयाही म्हणतात, कारण या दिवशी यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे जेवायला गेला होता अशी गोष्ट आहे. इतरांच्या दारात ज्याला बघून लोकांची बोबडी वळायची, तो बहिणीच्या दारात पाहुणा होता. तिने त्याला ओवाळलं, पोटभर जेवू घातलं. म्हणून या दिवशी भावाने बहिणीकडे जायचं, तिच्या हातचं जेवायचं आणि ताम्हणात ओवाळणी घालायची. ज्या मुलीला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळावं, ही आपल्याकडची जुनी रीत. चांदोबा तर मराठी मुलांचा मामाच, म्हणजे प्रत्येक आईचा भाऊ. मग तो आजीचाही भाऊ आणि माझाही भाऊ कसा, असं मी एकदा विचारलं होतं. आजीने उत्तर देण्याऐवजी मला चकलीचं पीठ मळायला बसवलं.

आम्ही ठाण्याच्या नौपाड्यात चाळीत राहायचो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आत मोरी, गॅलरीच्या टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. आजोबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. दिवाळी यायची ती बोनसवर. कायद्याने वर्षाच्या पगाराच्या किमान ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, आणि त्यातून आधी किराणावाल्याची उधारी. उरलेल्यातून जांभळी नाक्यावर कापड घ्यायचं. सणापुरती रेशनवर थोडी जादा साखर यायची, तिच्यासाठी रांगेत पिशवी घेऊन उभं राहणं हे माझं काम.

कापडाची गंमत तुला सांगायलाच हवी. तिघींना वेगवेगळं घेतलं तर महाग पडतं, म्हणून आजी एकाच ताग्यातून कापड फाडून आणायची आणि शेजारच्या काकूंच्या मशीनवर तीन फ्रॉक शिवायची. ताईमावशीचा फ्रॉक आखूड झाला की मला, माझा झाला की छोटीमावशीला. पण तिन्ही फ्रॉक एकाच छापाचे! त्यामुळे छोटीमावशी आधी स्वतःचा, मग माझा, मग ताईमावशीचा, असा तोच निळ्या फुलांचा फ्रॉक वर्षानुवर्षं घालत राहिली. जुन्या फोटोंत ती उंच होत जाते आणि फ्रॉक काही बदलत नाही. अजूनही दुकानात निळी फुलं दिसली की ती पुढे निघून जाते.

भाऊबीजेच्या संध्याकाळी खरी घाई असायची. द्वितीयेची कोर अगदी बारीक, आणि सूर्य मावळल्यावर तासाभरात तीही मावळते. आमची गॅलरी पूर्वेला, त्यामुळे गच्चीवर जायला लागायचं. गच्चीची किल्ली मालकांकडे, आणि मालक नेमके तेव्हाच फिरायला जायचे. किल्ली मिळवणं ताईमावशीकडे, ताम्हण धरणं माझ्याकडे, आणि छोटीमावशीकडे निरांजनाला वारा लागू न देण्याचं काम. पश्चिमेला येऊरचे डोंगर दिसायचे. त्यांतल्या एकाला मामा-भाचे डोंगर म्हणतात, म्हणून छोटीमावशीची पक्की खात्री होती की चांदोबामामा तिथेच राहायला आहे.

ताम्हणात हळदकुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन आणि आजोबांची लग्नातली अंगठी. सोनं म्हणून तीच. आधी अंगठी-सुपारीने ओवाळायचं, मग निरांजनाने, मग चंद्राच्या दिशेने अक्षता टाकायच्या. त्या चंद्रापर्यंत काही जायच्या नाहीत. खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायच्या आणि तिथल्या आजी वर बघून ओरडायच्या, "झाली का गं तुमची भाऊबीज?" एका वर्षी आभाळ भरून आलं आणि कोर दिसेचना. छोटीमावशी रडकुंडीला आली. आजोबांनी पंचांग उघडून तिला दाखवलं की चंद्र आहे, ढगाच्या मागे आहे, त्या बाजूला तोंड करून ओवाळ. तेव्हा कुठे ती तयार झाली.

ओवाळणीही मिळायची. आम्ही खाली आलो की आजोबा शर्टाच्या खिशातून नाणी काढून ताम्हणात टाकायचे आणि म्हणायचे, "चांदोबाने पाठवलीत." बोनस चांगला झाला की दोन-दोन रुपये. कारखान्यात ओव्हरटाइम बंद होता त्या वर्षी आठ-आठ आणे. यावरून छोटीमावशीने निष्कर्ष काढला की चांदोबाही वागळे इस्टेटमध्येच कामाला असणार. आजोबांनी तिला कधी दुरुस्त केलं नाही. उलट "हो, रात्रपाळीला असतो," म्हणाले.

तू आजीचं विचारलंस. तिच्या मनातलं मला नक्की सांगता येणार नाही, तिने कधी बोलून दाखवलं नाही. लोक मात्र बोलायचे. आजीचा भाऊ, माझा मामा, दर भाऊबीजेला पेणहून एसटीने यायचा, पोह्यांची पिशवी आणि तिच्यासाठी साडी घेऊन. तिने त्याला ओवाळलं की हमखास कोणीतरी आमच्याकडे बघून म्हणायचं, "या पोरींना पुढे माहेर कोणाकडे?" मला ते ऐकून पोटात गोळा यायचा. आजी मामाला बासुंदी वाढता वाढता म्हणायची, "तिघी आहेत. एकमेकींकडे जातील." आणि वाटी पुढे करायची. ती चिडून बोलायची नाही, त्यामुळे समोरच्याला पुढे काही बोलताच यायचं नाही.

आम्ही काही गुणी बाळं नव्हतो, तसं निबंधात लिहू नकोस. नरक चतुर्दशीला मोती साबणाची एकच वडी यायची, आणि ती पहिल्यांदा ओली कोणी करायची यावरून पहाटे साडेचारला आमची मारामारी व्हायची. एका खोडरबराचे ब्लेडने तीन तुकडे केलेले असायचे, तरी "माझा तुकडा छोटा" हे भांडण ठरलेलं. मराठी ग्रंथ संग्रहालयाची वर्गणी एकीच्याच नावावर होती, त्यामुळे पुस्तक घरात आलं की ताईमावशी आधी संपवायची आणि शेवट आम्हाला सांगून टाकायची धमकी देऊन भांडी घासून घ्यायची. हे ग्रंथालय १८९३ पासूनचं आहे. पुढच्या वेळी ठाण्याला गेलो की तुला दाखवेन.

पण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर ताईमावशीकडे आहे. ती बारावी झाल्यावर सकाळच्या कॉलेजात बीकॉमला गेली आणि दुपारी एका सीएच्या ऑफिसात टायपिंग करायला लागली. तिला पगार सुरू झाल्यावरची पहिली दिवाळी. आम्ही गच्चीवरून चंद्राला ओवाळून खाली आलो, तर ही स्वयंपाकघरातला पाट ओढून मधोमध बसली आणि मला म्हणाली, "आता मला ओवाळ." मी आजीकडे बघितलं. आजी जागची उठली, रांगोळीचा डबा घेऊन आली आणि तिला म्हणाली, "ऊठ आधी. पाटाभोवती रांगोळी काढल्याशिवाय बसतात का?" रांगोळी काढून झाली, ताई पुन्हा बसली, मी ओवाळलं आणि तिने ताम्हणात पाकीट टाकलं. त्यात माझ्या परीक्षेच्या फॉर्मचे पैसे होते. आजोबांनी त्या महिन्यात ते कुठून आणायचे हे आमच्यासमोर दोनदा मोजून बघितलं होतं, आणि ताई ते ऐकत बसली होती. छोटीमावशीलाही पाकीट मिळालं, त्यात रंगपेटीचे पैसे होते. मग आजोबांनी नेहमीसारखी नाणी काढली, चांदोबाची. ते त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

पुढे ताईमावशीचं लग्न ठरलं. लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून, आणि नवऱ्याकडचे त्याला मानाचं काहीतरी देतात. आमचा आत्येभाऊ त्यासाठी तयार होऊन उभा होता. गुरुजींनी "कानपिळ्याला बोलवा" म्हटल्याबरोबर छोटीमावशी त्याच्या बगलेखालून पुढे गेली आणि तिने काकांचा कान असा पिळला की त्यांचा चष्मा होमाजवळ पडला. गुरुजींनी आजोबांकडे बघितलं, आजोबा हसत होते, मग गुरुजींनी पुढचा मंत्र सुरू केला. काकांकडच्यांनी मानाचा म्हणून शर्टपीस आणला होता. तो तिनेच घेतला आणि त्याचा कुर्ता शिवला. आयुष्यातलं तिचं हे पहिलं कापड, जे आमच्यापैकी कोणाकडेही तसंच नव्हतं.

कायद्याचं एका वाक्यात सांगते, तुला आवडेल. १९९४ मध्ये महाराष्ट्राने हिंदू वारसा कायदा बदलला आणि तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला, २००५ पासून तो देशभरातल्या मुलींना मिळाला. आमच्याकडे वडिलोपार्जित म्हणण्यासारखं एक तांब्याचं घंगाळ आहे. ते ताईमावशीच्या कळव्याच्या फ्लॅटमध्ये आहे, त्यात मनीप्लांट लावलाय, आणि छोटीमावशी दरवर्षी आपला एक तृतीयांश मागते.

तर तू आणि तारा काय कराल? खुशाल एकमेकींना ओवाळा. वाढदिवसाला मी तुम्हाला ओवाळतेच की, मुलीला ओवाळायचं नाही असं कुठे आहे? एकीने पाटावर बसायचं, दुसरीने ओवाळायचं, मग अदलाबदल. पाटावर बसलेलीने ओवाळणी घालायची, आणि ती स्वतःच्या पॉकेटमनीतून, माझ्या पर्समधून नाही. चंद्रालाही ओवाळायचं असेल तर मागच्या अंगणात जा. मेलबर्नला तेव्हा वसंत असतो, सूर्य आठच्या सुमारास मावळतो, आणि इथली कोर ठाण्याच्या कोरीच्या उलट्या बाजूला उजळलेली दिसते. घाबरू नकोस, चंद्र तोच आहे. निरांजन मी काचेच्या वाटीत ठेवून देईन, कुंपणाजवळ फार वारा असतो.

आणि ताईमावशीला व्हिडिओ कॉल करणार असलात तर आधी मेसेज टाका. आपले सव्वाआठ म्हणजे ठाण्यात पावणेतीन, ती तेव्हा झोपलेली असते. मध्येच उठवलं तर ओवाळणीचं विसर, आधी ओरडा मिळेल.

तुझी,
आई