स्त्रीवादी तत्त्वज्ञान हे खरंच तत्त्वज्ञान आहे, की जुन्या तत्त्ववेत्त्यांवरचा नुसता राग?

राग आहेच. जर्मन तत्त्ववेत्ता कांट 1764 मध्ये लिहितो की ग्रीक विद्येने डोकं भरलेल्या बाईने दाढीही राखायला हरकत नाही. हे वाचून राग येणार नाही तर काय! पण तुमच्या त्या ‘नुसता’वर मी अडले, कारण एम.ए.ला आमच्या सरांनीही तोच वापरला होता.

सेमिनारसाठी मी बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ घेतली होती. 1643 मध्ये तिने फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त याला पत्रातून विचारलं: आत्मा फक्त विचार करणारा, जागा न व्यापणारा, तर तो शरीराला हलवतो कसा? देकार्तने वजनाचा दाखला दिला: वजन जसं वस्तूला न ढकलता खाली नेतं, तसं. तिला तो पटला नाही. त्यापेक्षा आत्माही जागा व्यापतो असं मानणं सोपं, असं तिने कळवलं, आणि त्याच पत्रात हेही, की घराण्याची कामं नि लोकांची उठबस यातून चिंतनाला सवड मिळत नाही.

पेपर परत आला तो समासात लाल पेनाने, ‘ही नुसती पत्रं. विषयांतर.’ आणि पुढच्याच लेक्चरला सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘द्वैतवादावरचा (म्हणजे आत्मा नि शरीर वेगळे मानण्यावरचा) प्रसिद्ध आक्षेप’. तिचाच! नाव मात्र गायब.

तर स्त्रीवादाचं नि तत्त्वज्ञानाचं नातं हे असं आहे. बाई बाहेरून दगड मारत नाहीये, ती आतच बसलेली आहे, हजेरीपटात नाव नाही एवढंच. देकार्त ‘मेडिटेशन्स’मध्ये झगा घालून, शेकोटीपाशी, एकटा बसून विचार करतो. ती शेकोटी कोणी पेटवली, हा प्रश्न मला तरी शंभर टक्के तत्त्वज्ञानाचा वाटतो. मी ते पुस्तक लेडीज डब्यात, कोणाची तरी पर्स मानेवर घेऊन वाचलंय. एकांत ही ज्ञानाची अट असेल तर विरार लोकलमध्ये कोणाला काही कळायलाच नको.

हां, तशी शंका देकार्तचा समकालीन तत्त्ववेत्ता गासेंदी यानेही आधी काढली होती, सगळं श्रेय एलिझाबेथला नको. आणि स्त्रीवाद्यांचं आपसात जमतं असंही नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगनने 1982 मध्ये काळजी घेण्याच्या नीतीबद्दल लिहिलं, तर बाईला पुन्हा चुलीपाशीच बसवलंत म्हणून स्त्रीवादीच तिच्यावर तुटून पडल्या.

देकार्त सोडू नका, पण पत्रं शेजारी ठेवून वाचा. कोणी ‘नुसती पत्रं’ म्हणालं तर विचारा, रोमन तत्त्ववेत्ता सेनेकाने मित्र लुसिलियसला लिहिली ती काय होती? मला हे स्टाफरूममध्ये सुचलं नाही, चर्नी रोडला गाडी पकडल्यावर सुचलं.