सरकारी पेजवरची टीकेची कमेंट "विषयाला सोडून" म्हणून लपवता येते का?

तुम्ही शिवी दिली नाहीत, खात्याच्याच कामाबद्दल विचारलंत, तरी कमेंट गायब झाली. मग लपवणाऱ्याची बाजू लंगडी आहे, एवढं मी छातीठोकपणे सांगतो.

मी एका सरकारी कार्यालयाचं फेसबुक पेज सांभाळत असे. तिथल्या साहेबांनी शब्दांची यादीच हातात ठेवली, यातला शब्द आला की कमेंट आपोआप लपली पाहिजे. शिव्यांना माझी ना नव्हती. पण यादीत 'उशीर', 'रखडलं' आणि चक्क 'कधी' होतं! मुदतीत दाखले देणं हेच आमचं काम, मग 'उशीर' विषयाबाहेर कसा? साहेब म्हणाले, "पोस्ट उद्घाटनाची आहे. ही काय तक्रारपेटी आहे?" मी म्हटलं, मग सगळ्यांनाच कमेंट बंद करू. तेही नको, कारण अभिनंदनं यायची ना! यादी लागली. "असं काम आधी कधी पाहिलं नव्हतं" म्हणणारे कौतुकवालेही तिच्यात अडकले.

पुढे २०२४ मध्ये अमेरिकेत नेमका हाच वाद निकाली निघाला. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, 'ॲनिमल', 'टेस्टिंग', 'क्रूएल' असे शब्द असलेल्या कमेंट गाळायला चाळणी लावली होती. पेटा ही प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना कोर्टात गेली. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने चाळणी घटनाबाह्य ठरवली: संस्थेच्या बऱ्याच पोस्ट प्राण्यांवरच्या संशोधनाच्याच असताना प्राण्यांवरचे प्रयोग सरसकट विषयाबाहेरचे कसे? ती बातमी मी साहेबांना पाठवली. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. असो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर लॉगआउट करून पेज उघडा. फेसबुकवर लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते, त्यामुळे बऱ्याच जणांना पत्ताच लागत नाही. आधी आणि नंतरचा स्क्रीनशॉट घ्या आणि कोणत्या नियमाखाली लपवली ते लेखी विचारा. तोंडी विचारलंत तर "सिस्टिमने केलं" एवढंच ऐकाल. सिस्टिमला यादी माणूसच देतो.

हां, धमकी, जाहिरात, कुणाचा फोन नंबर किंवा तोच मजकूर चाळीस वेळा चिकटवणं, हे काढलं तर बोंब मारू नका. मीही काढायचो. अमेरिकेतला निकाल दुसऱ्या देशातल्या कार्यालयावर बंधनकारक नाही, हेही खरं. आणि काम खरोखर अडलं असेल तर रीतसर अर्ज वेगळा करा, कमेंटला आवक क्रमांक पडत नाही.